प्रार्थनेत देव दूर गेल्यासारखा वाटतो, माझा विश्वास कमी पडतोय का?

सलाम ताई. तुम्ही लिहिलंय की मिस्टरांची नोकरी गेल्यापासून रोज प्रार्थनेला बसता पण शब्दच फुटत नाहीत, चर्चमध्ये गाणी म्हणताना आत काहीच हलत नाही, आणि त्यात कुणीतरी सांगितलं की तुमचा विश्वास कमी पडतोय म्हणून उत्तर मिळत नाही. हे शेवटचं आधी डोक्यातून काढून टाका. सांगणाऱ्याचा हेतू चांगला असेल पण शास्त्राला धरून नाही ते. प्रेषित पौलानं शरीरातला काटा, म्हणजे सतत सलणारा त्रास, काढ म्हणून प्रभूकडं तीनदा मागितलं, काटा काही निघाला नाही, उत्तर आलं ते 'माझी कृपा तुला पुरे आहे'. आता पौलाचा विश्वास कमी होता असं म्हणायची कुणाची छाती आहे?

मी कोल्हापूरचा, व्हीनस कॉर्नरच्या बाजूला माझं झेरॉक्स आणि बाइंडिंगचं छोटं दुकान आहे. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात पंचगंगा फुगली, जयंती नाल्याचं पाणी मागं फिरलं आणि दुकानात शिरलं. पाणी ओसरल्यावर शटर वर केलं तर कागदाची रिमं फुगून एकमेकांना चिकटलेली, मशीनच्या ट्रेमध्ये चिखल, कॉलेजच्या पोरांनी बाइंडिंगला दिलेल्या फायलींचा लगदा. पुढं कित्येक दिवस माझी प्रार्थना म्हणजे 'देवबापा' एवढं म्हणायचं आणि गप्प बसायचं. त्यामुळं तुम्ही जे लिहिलंय ते मला कळतंय, पुस्तकात वाचून नाही.

आमच्याकडं कॉटेज मीटिंगला, म्हणजे घरी भरणाऱ्या प्रार्थनेला, साक्ष द्यायची म्हणजे देवानं आपल्यासाठी काय केलं ते सांगायची वेळ आली की ज्याचं काम झालंय तोच उभा राहतो, कुणाला नोकरी लागली, कुणाचा रिपोर्ट नॉर्मल आला, कुणाचं लोन मंजूर झालं. खऱ्या असतात त्या साक्षी, मी पण मनापासून आमेन म्हणतो. पण ज्याचं अजून काहीच झालेलं नाही तो भिंतीला टेकून मान खाली घालून बसतो आणि त्याला वाटतं अख्ख्या मंडळीत आपणच एकटे असे. पुरानंतरच्या अशाच एका मीटिंगला एक आजी उठल्या आणि म्हणाल्या, "माझं अजून काय झालेलं न्हाई, पोरगा अजून पितोयच, पण मी देवाला सोडणार न्हाई, रोज इचारणार, उत्तर दे म्हणून." एवढं बोलून बसल्या. थोडा वेळ कुणाला पुढचं गाणं सुरू करायचं सुचेना. मला त्या वर्षी ऐकलेल्या सगळ्या उपदेशांपेक्षा ते जास्त लागलं.

माझं मत स्पष्ट आहे, देवाशी भांडणारा माणूस विश्वासातच असतो. ज्याच्यावर भरवसाच नाही त्याच्याकडं तक्रार घेऊन कोण जातंय? बायबलमधलं स्तोत्र १३ काढून बघा, जेमतेम सहा वचनं, आणि पहिल्या दोनातच दावीद चार वेळा विचारतो, कोठवर? ते स्तोत्र निदान शेवटी स्तुतीकडं वळतं. स्तोत्र ८८ तर तसंही वळत नाही, अंधारातच संपतं, पण सुरुवातीला हाक मारलीय ती तारणाऱ्या देवालाच. असं स्तोत्र पवित्र शास्त्रात ठेवलंय ते तुमच्या-माझ्यासारख्यांसाठीच असं मला वाटतं. स्वतःचे शब्द सुचत नसतील तर हेच मोठ्यानं वाचा, तीच तुमची प्रार्थना.

आणि हे फक्त आपल्यासारख्या साध्या माणसांचं होतं असं पण नाही. पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा १८८३ ला झाला, पण त्यांनी नंतर स्वतःच लिहून ठेवलंय की तेव्हा ख्रिस्ती धर्म सापडला होता, ख्रिस्त सापडायला पुढं कितीतरी वर्षं गेली. पुढं १९२१ मध्ये त्यांची एकुलती एक मुलगी मनोरमा गेली, त्यानंतर वर्षभरातच त्या स्वतः गेल्या, आणि त्या दिवसांतही मराठी बायबलच्या भाषांतराचं काम त्यांनी सोडलं नव्हतं. त्यांनीच उभ्या केलेल्या केडगावच्या मुक्ती मिशनला कधी जमलं तर जाऊन या.

अजून एक, झोप आणि जेवणाकडं लक्ष द्या. बायबलमधला संदेष्टा एलीया झुडपाखाली बसून मरण मागत होता तेव्हा देवदूतानं त्याला उपदेश केला नाही, उठवून भाकर आणि पाणी दिलं, परत झोपू दिलं, परत खायला घातलं. तुम्ही उपास-प्रार्थनेवर उपास-प्रार्थना करताय असं लिहिलंय, अंगात त्राण नसताना तेवढं तरी थांबवा. झोप लागतच नसेल किंवा जगणं नको वाटत असेल तर पाळकांना, म्हणजे तुमच्या चर्चच्या पास्टरना, सांगा आणि डॉक्टरकडं पण जा, त्यात विश्वासाला बट्टा लागत नाही, मिरजेचं मिशन हॉस्पिटल आपल्याच लोकांनी प्रार्थना करत उभं केलंय की.

रविवारी गाणं म्हणवत नसेल तर नुसतं बसा, बाजूचे म्हणतायत ते ऐका. आमची मीटिंग शुक्रवारी असते, तुमच्या मिस्टरांच्या नोकरीसाठी तिथं नाव न घेता प्रार्थनेचा विषय ठेवतो, आणि काम होईपर्यंत दर शुक्रवारी ठेवणार.