चपाती परत कधी खाऊ?

प्रश्न: ताई नमस्कार, मी ३४ वर्षांची आहे, घर कासारवडवलीला आणि ऑफिस ऐरोलीला. तीन-चार वर्षं झाली पोटाचा त्रास आहे, जेवलं की पोट फुगतं, मुरडा येतो, कधी दोन दिवस साफ होत नाही तर कधी सकाळी तीनदा जावं लागतं, आणि घोडबंदर रोडच्या ट्रॅफिकमध्ये टीएमटी अडकली की घाम फुटतो, आता लागली तर उतरून जायचं कुठे! फेब्रुवारीत इन्स्टावरच्या एका कोचकडून प्लॅन घेतला, त्यात गहू बंद, दूध-दही बंद, साखर बंद, चहा बंद, बटाटा-टोमॅटो-वांगं पण बंद. साखरेऐवजी खजूर आणि चारच्या भुकेला सफरचंद नि मूठभर काजू. तिनेच सांगितलं म्हणून रक्ताची फूड इनटॉलरन्स टेस्ट केली, बरेच पैसे गेले, त्यात २३ पदार्थ लाल आले, ते पण सोडले. पहिला दीड महिना खरंच हलकं वाटलं, पण आता पाच महिने झालेत, वजन ५८ वरून ५२ वर आलंय, केस गळतायत आणि पोट परत फुगायला लागलंय. सासूबाई रोज माझ्यासाठी वेगळी ज्वारीची भाकरी थापतात, काही बोलत नाहीत, पण गणपतीत मोदक तरी खाशील ना असं त्यांनी दोनदा विचारलं तेव्हा मला रडूच आलं. आमच्याकडे चातुर्मासात कांदा-लसूण करत नाहीत, त्या दिवसांत माझं पोट बरं असतं असं नवरा म्हणतो, माहीत नाही किती खरं. चपाती परत कधी खाऊ, की आता आयुष्यभर असंच?

एक वाचक, ठाणे

उत्तर: चपाती खा, याच आठवड्यापासून खा, आणि मोदक तर नक्कीच खा. उकडीच्या मोदकात तांदळाची पिठी, नारळ, गूळ आणि वरून तूप, यात तुमच्या पोटाने घाबरावं असं काही नाही, एका बैठकीत अकरा खाऊ नका एवढंच.

आता चपातीचं का म्हणते ते सांगते. गहू सोडून बरं वाटलं की लोक लगेच म्हणतात ग्लुटेन, म्हणजे गव्हातलं प्रथिन, बाधतं. ग्लुटेनचा खरा आजार म्हणजे सिलिअ‍ॅक, त्याचं प्रमाण गव्हाच्या पट्ट्यात म्हणजे उत्तर भारतात जास्त आहे, पण आपल्याकडे नाहीच असं नाही, आणि वजन उतरलंय, केस गळतायत म्हटल्यावर तो तपासलाच पाहिजे. रक्ताची टीटीजी-आयजीए नावाची टेस्ट असते. पण गहू बंद असताना ही टेस्ट केली तर आजार असूनसुद्धा रिपोर्ट नॉर्मल येऊ शकतो! म्हणून निदान सहा आठवडे रोज दोन्ही जेवणात गहू हवा आणि मग टेस्ट. हे आहार सुरू करायच्या आधी कुणीतरी तुम्हाला सांगायला हवं होतं, याचं मला खरंच वाईट वाटतं, कारण पाच महिन्यांपूर्वी हे काम एका दिवसात झालं असतं. बाकीच्या तपासण्यांना मात्र थांबू नका, फॅमिली डॉक्टरांना दाखवून सीबीसी (रक्तपेशींची मोजणी), फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा), थायरॉइड, बी-१२ आत्ताच करून घ्या, सहा किलो उतरलंय ते नुसतं कमी खाल्ल्यामुळे की आणखी कशामुळे हे डॉक्टरांनीच बघायला हवं. आणि गहू सुरू केल्यावर खूपच त्रास झाला तर सहा आठवडे रेटत बसू नका, त्यांना फोन करा.

ती २३ लाल पदार्थांची यादी फाडून टाका. त्या टेस्टमध्ये आयजीजी नावाच्या अँटिबॉडी बघतात, आणि आयजीजी म्हणजे तुमच्या शरीराने तो पदार्थ पाहिलाय, थोडक्यात तुम्ही तो खाता, एवढंच. युरोपच्या अ‍ॅलर्जीतज्ज्ञांच्या संघटनेने २००८ मध्येच स्पष्ट सांगितलंय की पदार्थ बाधतो का हे ठरवायला ही टेस्ट वापरू नका. तरी ती विकली जाते आणि बायका घाबरून डाळ-भात सोडतात.

आता तुमच्या पत्रातली सगळ्यात मोलाची ओळ, चातुर्मासाची. तुमचा नवरा बरोबर बोलतोय बहुतेक. मला सांगा, दरवर्षी चातुर्मासात चपाती खातच होतात ना? दूध, चहा, बटाटा सगळं चालूच होतं, फक्त कांदा-लसूण नव्हता, आणि पोट बरं होतं. मग गुन्हेगार कोण?

मेलबर्नच्या मोनाश विद्यापीठात पीटर गिब्सन आणि सू शेफर्ड यांनी २००५ च्या सुमारास फॉडमॅप हा शब्द आणला. म्हणजे काही प्रकारच्या साखरा, ज्या लहान आतड्यात नीट शोषल्या जात नाहीत, त्या पाणी ओढून घेतात, पुढे मोठ्या आतड्यात गेल्या की तिथले बॅक्टेरिया त्या आंबवतात आणि गॅस होतो. कांदा, लसूण, गहू यात फ्रुक्टान असतं, राजमा-छोल्यात त्याच्याच जातीची दुसरी साखर, आणि या दोन्ही पचवायचं एन्झाइम माणसात मुळात नसतंच. म्हणजे गॅस सगळ्यांनाच होतो, पण ज्यांचं आतडं हळवं असतं त्यांना तोच ताण दुखतो. डॉक्टर ज्याला आयबीएस, म्हणजे इरिटेबल बॉवेल सिंड्रोम, म्हणतात त्यात हेच असतं, आणि तुमचं वर्णन त्याच्या जवळचं वाटतंय, पक्कं अर्थात तपासल्यावरच.

आता तुमचा प्लॅन बघा. बटाटा, टोमॅटो, वांगं बंद, जे या बाबतीत साधे-सरळ पदार्थ आहेत, आणि कांदा चालू! साधी साखर बंद, आणि त्याजागी खजूर, सफरचंद, काजू, म्हणजे फॉडमॅपने भरलेल्या तीन गोष्टी रोज. सुरुवातीला बरं वाटलं कारण गव्हातलं फ्रुक्टान गेलं, ज्वारी आली, बाहेरचं खाणं आणि रिकाम्या पोटीचा चहा पण सुटला असेल. आणि मग पोट परत फुगायला लागलं त्यात मला तरी ही चारची मूठ दिसते.

तर आता असं करा. बटाटा, टोमॅटो, वांगं, चहातली साखर, सगळं परत आणा. गहू चालू. कांदा, लसूण, सफरचंद, खजूर, काजू चार आठवडे बंद, घरात तसाही चातुर्मास आहे त्यामुळे सासूबाईंना वेगळं काही करावं लागणार नाही, उलट सगळे एकाच भांड्यातलं जेवाल. भुकेला शेंगदाणे, संत्रं, पपई. गहू चालू असून पोट शांत राहिलं तर गहू बऱ्यापैकी सुटला. मटकी-मूग खायचे तर भिजवलेलं पाणी फेकून, मोड आणून, वाटी अर्धीच. लसणाशिवाय जेवण अळणी वाटत असेल तर पाकळ्या तेलात लालसर करून बाहेर काढा आणि त्या तेलात फोडणी द्या, फ्रुक्टान पाण्यात उतरतं, तेलात नाही. पण आमटीत लसूण शिजवून मग पाकळी बाजूला काढलीत तर काही उपयोग नाही. पातीच्या कांद्याची नुसती हिरवी पात चालते. हिंग चिमूटभर चालतो, मात्र बांधणी हिंगात बरेचदा मैदा असतो, सिलिअ‍ॅक निघालाच तर डबी वाचून घ्यायची.

चार आठवड्यांनी, आणि हा भाग कृपा करून सोडू नका, एकेक पदार्थ परत आणायचा. पहिल्या दिवशी भाजीत चमचाभर कांदा, दुसऱ्या दिवशी दोन चमचे, तिसऱ्या दिवशी पाव कांदा, मग तीन दिवस सुट्टी, मग लसूण, मग दूध, दुधाला अर्धा कप पासून. पाळीच्या दिवसांत किंवा अप्रेजलच्या आठवड्यात हे करू नका, तेव्हा आतडं तसंही चिडलेलं असतं. बऱ्याच जणींना कळतं की पाव कांदा चालतो, अख्खा नाही, बस. सगळं कायमचं बंद ठेवलं तर पोटातले चांगले बायफिडो बॅक्टेरिया कमी होतात हे तपासून दिसलंय, म्हणजे ज्या पोटासाठी हे सगळं केलं त्याचंच नुकसान. कांदेनवमीनंतर कांदा सोडणारे लोक कार्तिकीनंतर परत खातातच ना, तसंच.

बसमधल्या घामाबद्दल. भीतीने आतडं खरंच जोरात हलतं, तो तुमचा कमकुवतपणा नाही. अर्धा तास लवकर उठा, घरीच नाश्ता करा, खाल्ल्यावर आतड्याला हलायची सवय असते ती वापरा, मग निवांत जाऊन या आणि मग स्टॉपवर जा. चमचाभर इसबगोल भरपूर पाण्याबरोबर रात्री घेऊन बघा, कडक आणि सैल दोन्हीला मदत होते. आणि चहा घ्या हो, पोटात काहीतरी गेल्यावर.

प्रश्न: माझे वडील ६७ वर्षांचे, आम्ही नेरूळला राहतो. दोन महिन्यांपासून त्यांना जुलाब होतायत, आधी असं कधीच नव्हतं. कुणीतरी सांगितलं म्हणून दूध-गहू सोडून फक्त फळं आणि सूप घेतायत. पाच किलो कमी झाले, हिमोग्लोबिन ९ आलंय. शुगरची गोळी चालू आहे. कोणता डाएट द्यावा?

एक वाचक, नवी मुंबई

उत्तर: कोणताही नाही. या वयात पहिल्यांदाच पोट बिघडणं, वजन उतरणं आणि हिमोग्लोबिन कमी, हे तिन्ही एकत्र आलं की आहार बाजूला ठेवायचा आणि याच आठवड्यात पोटाच्या डॉक्टरांना दाखवायचं. ते कोलोनोस्कोपी, म्हणजे नळीने मोठं आतडं आतून बघायची तपासणी, सांगतील बहुतेक, टाळू नका. आतड्याचा टीबी आपल्याकडे अजून दिसतो आणि तो औषधाने बरा होतो, कॅन्सर असलाच तर लवकर कळण्यात फार फरक असतो. शौचातून रक्त किंवा काळं जातं का, रात्री झोपेतून उठून जावं लागतं का, ताप येतो का, हे वडिलांना नीट विचारून लिहून न्या, बाबा लोक स्वतःहून सांगत नाहीत. शुगरच्या गोळीचं पाकीटही न्या, मेटफॉर्मिनने जुलाब होऊ शकतात आणि बी-१२ पण कमी होतं, पण ती गोळी आपल्या मनाने बंद करू नका. तोपर्यंत त्यांना वरण-भात, तूप, अंडं खात असतील तर अंडं, जे आवडीने जाईल ते पोटभर द्या.