ना स्कॅन, ना रिपोर्ट: मग डिप्रेशन ठरवलं कशावरून?

परदेशात आपल्याला किंवा भारतातून आलेल्या आई-बाबांना फॅमिली डॉक्टरांनी प्रश्न विचारले, एक कागद भरून घेतला आणि डिप्रेशन आहे म्हणून सांगितलं. घरी आल्यावर पहिली शंका हीच निघते: एमआरआय नाही, रक्त काढलं नाही, मग ठरवलं कशावरून? शंका रास्त आहे. शुगर आणि थायरॉइड आकड्यांवर कळतात, त्याची आपल्याला सवय झालेली असते. पण डिप्रेशन, अँग्झायटी (सततची काळजी, भीती), बायपोलर (कधी खूप उदास, कधी अति उत्साही), स्किझोफ्रेनिया (भास, भ्रम) यांतलं एकही निदान आज स्कॅनवर किंवा रक्ताच्या चाचणीवर होत नाही. तुम्ही काय सांगता, ते किती दिवस चाललंय आणि डॉक्टरांना समोर काय दिसतं, यावरच ते ठरतं. त्यामुळे परक्या भाषेत, घाईघाईत अर्धंच सांगितलं तर तपासणीही अर्धीच होते.

ठरवण्याचे निकष मात्र लेखी असतात. अमेरिकेत डीएसएम-५ हे मानसिक आजारांच्या निकषांचं पुस्तक वापरतात (२०१३चं, सुधारित आवृत्ती २०२२ची). जागतिक आरोग्य संघटनेची आयसीडी-११ ही आजारांची यादी २०२२पासून लागू झाली. डीएसएमप्रमाणे डिप्रेशनची लक्षणं नऊ: मन उदास असणं, कशातच रस न वाटणं, भूक किंवा वजन बदलणं, झोप बिघडणं, हालचाली मंदावणं किंवा सारखी चुळबुळ होणं, थकवा, आपण निरुपयोगी किंवा अपराधी आहोत असं वाटणं, लक्ष न लागणं, मरणाचे विचार येणं. यांतली किमान पाच, जवळजवळ रोज, सलग दोन आठवडे हवीत. पहिल्या दोनपैकी एक तरी असायलाच हवं, आणि रोजच्या कामावर परिणाम झालेला हवा किंवा त्रास तरी ठळक हवा. जनरलाइज्ड अँग्झायटीसाठी हीच मुदत सहा महिन्यांची आहे. स्किझोफ्रेनियासाठी डीएसएम सहा महिने मागते, आयसीडी एक महिना. त्यामुळे भारतातल्या फाइलवर एक नाव आणि इथे दुसरं दिसलं, तर दोघांपैकी एक डॉक्टर चुकलाच असं धरून चालू नका.

डॉक्टरांनी भरून घेतलेला तो कागद बहुधा पीएचक्यू-९ ही प्रश्नावली असते. गेल्या दोन आठवड्यांबद्दल नऊ प्रश्न, प्रत्येकाला ० ते ३ गुण, एकूण २७. दहा किंवा जास्त आले की डॉक्टरांनी बारकाईने विचारपूस करायची असते. ही नुसती चाळणी आहे, निदान नव्हे. घोळ होतो तो भरताना. आई-बाबा ‘कशाला उगाच’ म्हणून सगळीकडे शून्यावर खूण करतात, नाहीतर मुलगाच त्यांच्या वतीने भराभर भरून टाकतो. नववा प्रश्न मरणाच्या विचारांचा असतो, आणि शेजारी सून किंवा मुलगा बसलेला असताना त्याचं खरं उत्तर येणं अवघड. कागद मराठीत मिळतो, तो मागून घ्या, आणि त्या दहा मिनिटांपुरते खोलीबाहेर जा. नवव्या प्रश्नाला शून्याखेरीज कोणतंही उत्तर असेल, तर त्याच भेटीत त्यावर बोलणं झालंच पाहिजे. रात्री-अपरात्री गरज पडली तर मदतीचे फोन नंबर असे: अमेरिका आणि कॅनडात ९८८, इंग्लंडमध्ये १११ लावून २ दाबा, ऑस्ट्रेलियात १३ ११ १४. माणूस भारतात असेल तर १४४१६.

आपल्याकडे मनाचा त्रास बहुतेक वेळा शरीराच्या नावाने सांगितला जातो. छातीत धडधडतं, डोकं जड होतं, हातापायाला मुंग्या येतात, अन्नावरची वासनाच उडाली. डॉक्टर मग ईसीजी, एंडोस्कोपी या वाटेने जातात. छातीत दुखत असेल तर ते बरोबरच आहे, आधी हृदय तपासायला हवं. पण सगळे रिपोर्ट नॉर्मल आले की ‘काही नाही झालं’ म्हणून घरी येऊ नका. झोप, भूक, रस आणि भीती यांबद्दल तेव्हा आपणहून बोला.

उलट बाजूही तितकीच महत्त्वाची. मनाचा वाटणारा त्रास शरीराचाही असू शकतो, म्हणून निदानाआधी टीएसएच (थायरॉइडची चाचणी), हिमोग्लोबिन आणि बी-१२ तपासायला सांगा. रक्त काढतात ते यासाठी. शाकाहारी घरात बी-१२ कमी असणं नेहमीचं आहे, आणि मेटफॉर्मिन ही मधुमेहाची गोळी वर्षानुवर्षं घेतल्यानेही ते उतरतं. वयस्क माणूस एक-दोन दिवसांतच बरळू लागला, दिवस-रात्रीचं भान सुटलं, तर मानसोपचारतज्ज्ञाची वेळ घेत बसू नका, थेट इमर्जन्सीत न्या. लघवीचा जंतुसंसर्ग किंवा रक्तातलं सोडियम घसरणं, अशी कारणं तिथे सापडतात.

आणखी एक गोष्ट हमखास लपते: झोपेची गोळी. अल्प्राझोलाम किंवा क्लोनाझेपाम पाच-दहा वर्षं चालू असतं आणि त्याला कुणी ‘औषध’ म्हणतच नाही. इथे आल्यावर साठा संपतो, गोळी एकदम बंद होते, आणि झोप उडते, हात थरथरतात, जीव घाबरा होतो. क्वचित फिटही येते. डॉक्टरांना हे माहीत नसेल तर ते अँग्झायटी म्हणून नवीन औषध देतील. म्हणून औषधांच्या पट्ट्याच घेऊन जा, काढे आणि चूर्णंसुद्धा. ब्रँडची नावं इथे कळत नाहीत, पट्टीवरचं मूळ औषधाचं नाव कळतं. संयुक्त अरब अमिरातीत जाताना अशा गोळ्यांसाठी आधी परवानगी काढावी लागते, तेही ध्यानात ठेवा.

बायपोलरची चौकशी झाल्याशिवाय डिप्रेशनचं औषध सुरू करू नये, यावर आम्ही ठाम आहोत. बायपोलर असताना नुसतं अँटिडिप्रेसंट (डिप्रेशनचं औषध) दिलं, तर माणूस मेनियात, म्हणजे अति उत्साहाच्या बेभान अवस्थेत, जाऊ शकतो. पूर्वी कधी सलग चार-पाच दिवस जेमतेम तीन तास झोपूनही ताजंतवानं वाटत होतं का? बोलणं थांबत नव्हतं, रात्री दोनला नव्या धंद्याचे बेत चालायचे, खर्चाला धरबंध नव्हता? असं काही असेल तर सांगा. काकांना ‘तसलं काहीतरी’ होतं, आत्या कधीतरी दवाखान्यात होती, हेही सांगा. स्थळं बघताना झाकलेली माहिती डॉक्टरांपुढे तरी उघडी करा.

दुभाषा म्हणून घरचा माणूस नको, आणि शाळकरी नातवंड तर मुळीच नको. अमेरिकेत केंद्र सरकारचा पैसा घेणाऱ्या रुग्णालयांना आणि इंग्लंडमध्ये एनएचएसला दुभाषा मोफत द्यावा लागतो. वेळ घेतानाच ‘मराठी’ असं स्पष्ट सांगा, नाहीतर हिंदीवाला येतो आणि आजी हो-ला हो करत बसतात. डीएसएम-५मध्ये रुग्णाच्या संस्कृतीबद्दल विचारायचे सोळा प्रश्न दिलेले आहेत, ते विचारा असं सुचवायला संकोच नको. नवरात्रात अंगात येतं, किंवा गेलेल्या माणसाची हाक ऐकू आल्यासारखी वाटते, हे त्या समाजात रूढ असेल तर एवढ्यावरून ते आजार ठरत नाही. पण संदर्भ न सांगता नुसतं ‘आवाज ऐकू येतात’ म्हटलं, तर फाइलमध्ये भलतंच लिहिलं जाईल.

लहान मुलांच्या एडीएचडीचा (लक्ष न टिकणं, अति चंचलपणा) नियम वेगळा: लक्षणं बाराव्या वर्षाआधी सुरू झालेली हवीत, आणि दोन ठिकाणी तरी दिसायला हवीत. म्हणून शाळेचा आणि घरचा असे दोन वेगळे फॉर्म असतात. फक्त वर्गात दिसत असेल तर आधी श्रवण, दृष्टी आणि इंग्रजीची अडचण तपासा. घरातलं मराठी बंद करायचा सल्ला मिळाला तर तो मानू नका. दोन भाषांमुळे ना एडीएचडी होतो, ना ऑटिझम.

पहिल्या भेटीला एक पान लिहून न्या: त्रास कधीपासून, झोप किती वाजता मोडते, वजन किती उतरलं, कोणती कामं सुटली. ‘हल्ली बरं नसतं’ यापेक्षा ‘गेल्या सहा आठवड्यांत देवपूजा आणि फिरणं बंद झालं, पहाटे तीनला जाग येते’ हे डॉक्टरांच्या कामाचं. आई-बाबा व्हिजिटर इन्शुरन्सवर आले असतील तर मानसिक आजार त्यात धरलेत का ते आधीच बघा, अनेक पॉलिसींत ते वगळलेले असतात. परत जाताना निदान, औषधाचं मूळ नाव, मात्रा आणि सुरू केल्याची तारीख लिहून घ्या, आणि महिनाभराची औषधं बरोबर द्या, म्हणजे तिथल्या डॉक्टरांची वेळ मिळेपर्यंत गोळी मध्येच तुटणार नाही.