पहिलं फौजदारी अपील हातात घेताना

निकाल लागला की आधी मुदत मोज. मॅजिस्ट्रेटनं शिक्षा दिली असेल तर कोल्हापुरात कसबा बावड्याला सत्र न्यायालयात अपील, 30 दिवसांत. सत्र न्यायालयाची शिक्षा असेल तर हायकोर्ट, 60 दिवस. 18 ऑगस्ट 2025 पासून हायकोर्टाचं सर्किट बेंच (फिरतं खंडपीठ) कोल्हापुरातच आहे. निकालाची नक्कल मिळायला लागलेले दिवस वजा होतात, पण तू नकलेचा अर्जच उशिरा टाकलास तर ते दिवस तुझेच गेले.

शिक्षा 3 वर्षांपर्यंतची आणि आरोपी जामिनावर असेल, तर त्याच कोर्टात त्याच दिवशी भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 430(3) खाली शिक्षेला स्थगिती देण्याचा अर्ज दे. तो टाईप करून फाईलमध्येच ठेव. केवळ अर्ज तयार नाही म्हणून माणूस संध्याकाळी कळंब्याच्या तुरुंगात जावा, हे मनाला फार लागतं. यात स्थगिती मिळते ती शिक्षेला, दोषसिद्धीला (दोषी ठरवण्याला) नाही. पक्षकार सरकारी नोकर असेल तर दोषसिद्धीची स्थगिती अपिली कोर्टात वेगळी, कारणांसह मागावी लागते.

खरा कस अपिलाच्या मुद्द्यांत. ‘निकाल बेकायदेशीर आहे’ एवढ्यानं काही साधत नाही. असं लिही: ‘साक्षीदार क्र. 3 उलटतपासात, परिच्छेद 7 मध्ये, अंधार असल्याचं कबूल करतो. निकालात त्याचा विचारच नाही.’ कलम 351 चा जबाब, म्हणजे पुराव्याबद्दल कोर्टानं आरोपीला विचारलेले प्रश्न आणि त्याची उत्तरं, ओळन् ओळ वाच. जो पुरावा आरोपीला विचारलाच नाही, तो त्याच्याविरुद्ध वापरलाय का बघ.

शिक्षा कमी करण्याची पर्यायी मागणी विसरू नकोस. आरोपीच्या अपिलात शिक्षा वाढत नाही, हे घरच्यांना समजावून सांग. त्या भीतीनं बरेच जण अपीलच करत नाहीत.