फुटबॉलमध्ये ट्रान्सफर फी नक्की कशावर ठरते? पगार आणि कॉन्ट्रॅक्टचा त्यात काय रोल असते?

प्रश्न विचारणाऱ्या भाऊंचं म्हणणं असं आहे की २०२१ मध्ये पॅरिसच्या पीएसजी क्लबनं आपला फ्रेंच स्टार प्लेअर एम्बापेसाठी स्पेनच्या रिअल माद्रिद क्लबचे १८० मिलियन युरो नाही म्हणून परत केले अन् २०२४ ला तोच एम्बापे त्याच रिअलमध्ये फुकटात गेला, मग पीएसजीवाले येडे आहेत का, अन् पगाराचा या सगळ्याशी काय संबंध.

पीएसजीचं शेवटी सांगतो, त्यांची गोष्टच वेगळी आहे. आधी एक समज डोक्यातून काढून टाका की फी म्हणजे प्लेअरच्या खेळाची किंमत. खेळाचे पैसे पगारातून भेटतात, ते प्लेअरच्या खिशात जातात. फी जाते जुन्या क्लबला, अन् ती असते उरलेलं कॉन्ट्रॅक्ट सोडून देण्याची. म्हणून प्लेअर किती भारी आहे यासोबतच त्याच्या कॉन्ट्रॅक्टची किती वर्षं बाकी आहेत हे पाहावं लागते.

आमच्याकडे सालगडी, म्हणजे वर्षभरासाठी ठेवलेला शेतमजूर, असाच ठेवतात. पाडव्याला साल ठरते, किती उचल द्यायची, वरून गहू ज्वारी किती, सगळं बोलून घेतात अन् पुढच्या पाडव्यापर्यंत गडी त्या घरचा. आता समजा दिवाळीच्या टायमाला, इकडे कापूस फुटून राहिला अन् दुसऱ्या कास्तकाराला तोच गडी पाहिजे, तं त्याला पहिल्या मालकाची फिटायची राहिलेली उचल भरावी लागते अन् वरून मालकाची समजूतही काढावी लागते, कारण ऐन हंगामात त्या बिचाऱ्याला दुसरा गडी कुठून भेटणार. फाल्गुनात नेला तं द्यायला राहतेच किती! अन् पाडवा झाला की मालक आडवा येऊच शकत नाही, जो जास्त देईल त्याच्याकडे गडी जाते.

युरोपात मात्र १९९५ पर्यंत कॉन्ट्रॅक्ट संपलं तरी क्लब फी मागू शकत होता. बेल्जियमचा प्लेअर जाँ-मार्क बॉसमन, १९९० मध्ये आरएफसी लीज क्लबसोबतचं त्याचं कॉन्ट्रॅक्ट संपलं, क्लबनं नवीन पगार जवळपास चौथाई करून टाकला, अन् फ्रान्सच्या डंकर्क क्लबला तो पाहिजे होता तं हे लीजवाले फीसाठी अडून बसले. म्हणजे धड ठेवायचं नाही अन् जाऊही द्यायचं नाही. तो कोर्टात गेला, १५ डिसेंबर १९९५ ला युरोपियन कोर्टाचा निकाल त्याच्या बाजूनं लागला, पण तोपर्यंत त्याचं करिअर गेलं होतं. निकालाचा फायदा नंतरच्या पोरांना झाला, १९९९ मध्ये मॅकमॅनमन लिव्हरपूल सोडून रिअलला फुकटात गेला, २००१ मध्ये सोल कॅम्पबेल टॉटनहॅममधून थेट त्यांच्या कट्टर विरोधी आर्सेनलमध्ये (टॉटनहॅमवाले अजूनही त्याचं नाव काढलं की शिव्या देतात).

आता फिफाचा नियम असा आहे की कॉन्ट्रॅक्टचे शेवटचे सहा महिने राहिले की प्लेअर दुसऱ्या क्लबसोबत आधीच सही करू शकते. म्हणून एक वर्ष राहिलं की विकणाऱ्याच्या पोटात गोळा येते. आर्सेनलच्या अलेक्सिस सांचेझचंच पाहा. ऑगस्ट २०१७ मध्ये मँचेस्टर सिटी त्याच्यासाठी ६० मिलियन पौंड द्यायला तयार होती, आर्सेनलला त्याच्या जागी दुसरा माणूस वेळेवर भेटला नाही म्हणून सौदा फिसकटला, अन् जानेवारी २०१८ ला त्याच सांचेझच्या बदल्यात मँचेस्टर युनायटेडकडून एक रुपया नाही, नुसता त्यांचा प्लेअर मखितारियन भेटला. पाच महिन्यांत खेळणं विसरला होता का तो? नाही ना, त्याचं कॉन्ट्रॅक्ट तेवढं संपत आलं होतं.

उलटं उदाहरण ब्राइटन क्लबच्या कैसेदोचं. जानेवारी २०२३ मध्ये आर्सेनलनं ७० मिलियन पौंड देतो म्हटलं, पोरानं इन्स्टाग्रामवर चिठ्ठी टाकली की मला जाऊ द्या, ब्राइटननं नाही सोडलं. मार्चमध्ये त्यांनी त्याला पगार वाढवून नवीन कॉन्ट्रॅक्ट दिलं, २०२५ ला संपणारं २०२७ पर्यंत गेलं, अन् ऑगस्टमध्ये चेल्सीला तोच १०० मिलियन अधिक १५ मिलियन ॲड-ऑन्समध्ये (म्हणजे ठरलेल्या अटी पूर्ण झाल्या तंच भेटणारे पैसे) विकला. लोकांना वाटते कॉन्ट्रॅक्ट वाढवलं म्हणजे प्लेअर राहणार. तसं काही नाही, बऱ्याच वेळा ते विकायचीच तयारी असते.

पगाराचं थोडं डोकं लावून समजून घ्या, इथं बहुतेक लोक चुकतात. घेणारा क्लब फी वेगळी अन् पगार वेगळा असं पाहत नाही, तो एकूण किती जाणार ते पाहते. समजा एखाद्याला वर्षाला १५ मिलियन पगार आहे अन् तीन वर्षं बाकी आहेत. नवीन क्लब म्हणते, आम्ही ८ च्या वर देत नाही. मधले ७ गुणिले ३ म्हणजे २१ मिलियन कोण भरणार? प्लेअर काहून सोडंल, सही केलेला कागद त्याच्या हातात आहे. मग एकतर जुना क्लब फी कमी करते, नाहीतर अर्धा पगार स्वतः देऊन लोनवर, म्हणजे काही काळासाठी उसना, पाठवते, नाहीतर प्लेअर तिथंच बसून राहते. म्हणजे लांब कॉन्ट्रॅक्टनं फी वाढते हे खरं, पण पगार बाजारापेक्षा जास्त असला तं तेच लांब कॉन्ट्रॅक्ट क्लबच्या गळ्यात पडते.

गॅरेथ बेलचं असंच झालं. २०१३ ला रिअलनं त्याच्यासाठी १०० मिलियन युरोच्या आसपास मोजले, २०१६ मध्ये तगड्या पगारावर २०२२ पर्यंतचं कॉन्ट्रॅक्ट दिलं, अन् नंतर त्या पगारावर त्याला घेणारा युरोपात कोणी राहिला नाही. २०१९ ला चीनचा जियांगसू सुनिंग तयार झाला तं रिअलला फी पाहिजे होती, सौदा मोडला. मग २०२० ला पगाराचा वाटा स्वतः उचलून टॉटनहॅमला लोनवर दिला अन् शेवटी २०२२ ला तो फुकटात गेला. कुटिन्होही तसाच, बार्सिलोनानं २०१८ ला १०० मिलियनच्या वर देऊन आणलेला, २०२२ मध्ये ॲस्टन व्हिलाला २० मिलियन युरोत द्यावा लागला.

रिलीज क्लॉजही कॉन्ट्रॅक्टचाच भाग, म्हणजे एवढी रक्कम भरली की प्लेअरला सोडावंच लागते असा आधीच लिहिलेला आकडा. स्पेनमध्ये कायद्यानंच प्लेअरला भरपाई देऊन कॉन्ट्रॅक्ट मोडता येते अन् ती भरपाई क्लॉजमध्ये लिहून ठेवतात, म्हणून २०१७ ला नेमारचे २२२ मिलियन पीएसजीनं टेबलवर ठेवले तेव्हा बार्सिलोनाला नाही म्हणायची सोयच नव्हती. जर्मनीत तसा कायदा नाही, पण हालंडनं डॉर्टमुंडमध्ये येतानाच ६० मिलियनच्या आसपासचा क्लॉज लिहून घेतला होता, म्हणून २०२२ ला तो सिटीला इतक्या स्वस्तात भेटला. स्वस्त म्हणजे डॉर्टमुंडच्या हिशोबानं, त्याचा पगार अन् एजंटचं कमिशन पाहिलं तं सिटीला काही स्वस्त नाही पडला.

अन् लांब कॉन्ट्रॅक्टची एक वेगळीच गंमत, ती अकाउंटची. फी भरली की ती पुस्तकात एकाच वर्षी खर्च म्हणून नाही दाखवत, कॉन्ट्रॅक्टच्या वर्षांत वाटून टाकतात. १०० मिलियन आठ वर्षांत वाटले तं वर्षाला साडेबारा, पाच वर्षांत वाटले तं वीस. चेल्सीनं आठ आठ वर्षांची कॉन्ट्रॅक्टं देऊन हाच खेळ केला अन् म्हणूनच एवढ्या फी देऊ शकले, मग २०२३ मध्ये युरोपची फुटबॉल संघटना युएफानं अन् त्याच वर्षी डिसेंबरमध्ये इंग्लंडच्या प्रीमियर लीगनं फी जास्तीत जास्त पाच वर्षांतच वाटायची अशी मर्यादा घातली.

आता एम्बापे. ऑगस्ट २०२१ ला त्याचं एकच वर्ष बाकी होतं, दुसऱ्या कोणत्याही क्लबनं १८० मिलियन घेऊन पेढे वाटले असते. पण पीएसजीच्या मागं कतारचा पैसा, त्यांना फीपेक्षा तो पॅरिसमध्ये दिसणं महत्त्वाचं होतं. २०२२ ला त्याला भरमसाठ पैसे देऊन दोन वर्षं थांबवलं, पुढचं एक वर्ष वाढवायचं की नाही ते त्याच्या हातात ठेवलं, २०२३ ला त्यानं वाढवणार नाही असं कळवलं तेव्हा चिडून जपानच्या दौऱ्यावर नेलं नाही, पण कागद त्याच्या बाजूनं होता. अन् रिअलला तो फुकटात पडला असं समजू नका, फीचे जे पैसे वाचले त्यातला मोठा हिस्सा सायनिंग बोनस म्हणून त्यानंच घेतला. फ्री ट्रान्सफरमध्ये असंच होते, पैसा क्लबऐवजी प्लेअरच्या घरी जाते. आपल्या आयएसएलमध्येही (इंडियन सुपर लीग) बहुतेक जण कॉन्ट्रॅक्ट संपल्यावरच क्लब बदलतात, म्हणून आपल्याकडे फीच्या बातम्या कमी अन् पगाराच्या जास्त.

कमेंटमध्ये कोणीतरी विचारलं की फीमधून लहानपणच्या क्लबला काही भेटते का. भेटते. एका देशातून दुसऱ्या देशात फी देऊन ट्रान्सफर झाला तं फीच्या ५ टक्के रक्कम १२ ते २३ वयात प्लेअर जिथं जिथं रजिस्टर होता त्या क्लबांमध्ये वाटतात. फ्री ट्रान्सफर असला तं शून्याचे पाच टक्के शून्यच. कामठी नागपूरकडे फुटबॉल जुना आहे, तिथल्या क्लबवाल्यांनी तरी पोरांचं रजिस्ट्रेशन वेळेवर करून कागद जपून ठेवावे, आमच्या तालुक्यात तं पोरं मॅचच्या दिवशी सकाळी ठरतात कोण कोणाकडून खेळणार ते.