‘सायन्सला असून एवढं नटायचं कशाला?’

पावसाळा लागला की आम्हा समुपदेशकांकडे बीएस्सीच्या मुलींची एक तक्रार हमखास येते. नीटनेटकं राहिलं तर लोक म्हणतात अभ्यासात लक्ष नाही, आणि कसंही गेलं तर दिवसभर आपल्यालाच ओशाळल्यासारखं होतं. साताऱ्यातल्या एका मुलीच्या निमित्ताने हा गुंता उलगडून दाखवते. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

ती केमिस्ट्री घेऊन दुसऱ्या वर्षाला होती. जावळीतल्या गावातून एसटीने साताऱ्याला यायची आणि स्टँडवरून कॉलेजपर्यंत चालत जायची. विभागाने २३ ऑगस्टला, हवामानशास्त्रज्ञ ॲना मणी यांच्या जन्मदिवशी, स्त्री शास्त्रज्ञांवर पोस्टर प्रदर्शन ठरवलं होतं. पाहुण्यांना माहिती सांगायचं काम तिच्याकडे आलं होतं, पण तिने नाव मागे घेतलं. पाऊस असला की ती प्रॅक्टिकलही बुडवू लागली होती. कारण असं, की जुलैत फिकट गुलाबी कुर्ता भिजून अंगाला चिकटला आणि मागून हसण्याचा आवाज आला. पुढच्या आठवड्यात ती मुद्दाम चांगला ड्रेस घालून गेली, तर वर्गातल्या एकाने विचारलं, “आज फॅशन शो आहे का?” तिच्या लेखी दोन्ही दारं बंद झाली.

घरी आई म्हणायची, “कोण बघतंय तुला?” मैत्रिणी म्हणायच्या, “छान दिसतेस गं.” दोन्हींचा उपयोग झाला नाही, आणि तो सहसा होतही नाही. एकाने मुलीला आपली अडचण खोटी ठरवल्यासारखं वाटतं, दुसऱ्याची सवय लागते.

अशा वेळी आम्हा समुपदेशकांची घाई नडते. लगेच ‘विचार बदल’ म्हणून सुरुवात करायची नाही. भिजलेला कुर्ता चिकटतो आणि पारदर्शक दिसतो, हा मनाचा खेळ नाही. कोरड्या कापडात धाग्यांच्या मधे हवा असते, त्यामुळे प्रकाश विखुरतो. तिथे पाणी शिरलं की विखुरणं कमी होतं आणि प्रकाश आरपार जातो. केमिस्ट्रीच्या मुलीला हे सांगितल्यावर तिचा चेहराच सैल झाला. लाज वाटण्याजोगं त्यात काही उरलं नाही.

मग तिची बॅग टेबलावर रिकामी केली. ओली छत्री, तिला चिकटलेलं जर्नल, घडी करून कोंबलेला ॲप्रन (कॉलरला कुबट वास) आणि जॉर्जेटची ओढणी. अर्धी अडचण त्या बॅगेतच होती.

पावसाला आणि प्रयोगशाळेला लागणारं कापड एकमेकांच्या उलट असतं, हे मुलींना कुणी सांगत नाही. पॉलिस्टर, जॉर्जेट पाणी फारसं शोषत नाहीत, झटकन वाळतात, म्हणून बाहेर सोयीचे. पण पॉलिस्टर साधारण २५० अंशांना वितळतं आणि बर्नरजवळ पेट घेतला तर कातडीला चिकटतं. प्रयोगशाळेत सुतीच हवं. बाजारात सगळ्यात जास्त मिळणारा रेयॉनचा कुर्ता दोन्हीकडे निकामी. भिजला की जड होतो, लोंबतो, आणि ओला असताना त्याचा धागा कमजोर पडतो.

म्हणून ठरलं ते असं. अंगात पातळ सुती कुर्ता, गडद निळा, मोरपिशी किंवा मरून, त्यावर बारीक छपाई. भिजल्याचे डाग छपाईत लपतात. आत कुर्त्याच्या रंगाची स्लिप. खाली पटियाला किंवा पलाझो नको, घोट्याच्या वर संपणारी सरळ पँट, जमिनीपासून चार बोटं तरी वर. वरून रेनकोट, आणि तो लॅबच्या बाहेरच काढायचा. ओढणीला सुट्टी. कानात छोटे झुमके चालतील. लोंबते डूल आणि बांगड्या प्रॅक्टिकलच्या दिवशी नकोत, केस बांधलेले हवेत.

पायाचं जास्त बिघडतं. सपाट स्लीपर प्रत्येक पावलाला चिखल उडवते आणि पँटच्या मागे गुडघ्यापर्यंत ठिपके पडतात. मागे पट्टा असलेली रबरी सँडल उडवत नाही. कोल्हापुरी चार महिने माळ्यावर. लॅबमध्ये बंद बूटच लागतात, म्हणून बूट आणि कोरडे मोजे वेगळ्या पिशवीत आणायचे आणि तिथे पोहोचून पाय पुसून घालायचे. ओले मोजे दिवसभर राहिले की बोटांच्या बेचक्यात चिखल्या होतात. ॲप्रन चेनच्या प्लॅस्टिक पाऊचमध्ये, छत्री बॅगेच्या बाहेर. जावळीत झड लागली की कपडे दोन-दोन दिवस वाळत नाहीत, तेव्हा धुतलेला कुर्ता कोरड्या टॉवेलमध्ये गुंडाळून पिळायचा, मग पंख्याखाली टाकायचा.

एवढं झाल्यावर उरलं ते मनाचं. कागदावर तिने लिहिलं, ‘चांगले कपडे घातले तर सर मला हुशार समजणार नाहीत’, आणि विश्वास किती, तर १०० पैकी ९०. पुरावा? प्रदर्शनातल्या सगळ्या बायका साध्या राहायच्या. ॲना मणी तर आयुष्यभर खादी नेसल्या.

खरं आहे. पण खादी ही त्यांच्या काळातली राजकीय निवड होती, हुशारीची खूण नव्हे. आणि त्यांचं अडलं कुठे? सी. व्ही. रामन यांच्या प्रयोगशाळेत हिरे-माणकांवर काम करूनही मद्रास विद्यापीठाने त्यांना पीएचडी दिली नाही, कारण एमएस्सी नव्हती. जीवरसायनशास्त्रज्ञ कमला भागवत, पुढच्या सोहोनी, यांना बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत आधी प्रवेशच नाकारला गेला, कारण त्या बाई होत्या. नंतर अटींवर घेतलं, आणि १९३९ मध्ये त्या केंब्रिजहून पीएचडी झाल्या. साधं राहण्याने यातली एकही आडकाठी हटली नाही.

तिने लगेच मोबाइलवर २०१४ चा, मंगळयान यशस्वी झाल्यावरचा इस्रोतला फोटो दाखवला. रेशमी साड्या, केसांत गजरे, आनंदाने हसणाऱ्या बायका. “पण मॅडम, त्या शास्त्रज्ञ नव्हत्याच म्हणे.” बरोबर. इस्रोनेच नंतर सांगितलं की त्या प्रशासकीय कर्मचारी होत्या. मोहिमेत काम केलेल्या रितू करिधाल, नंदिनी हरिनाथ यांच्यासारख्या शास्त्रज्ञ त्या फोटोत नव्हत्या. म्हणजे साडीकडे पाहून जगाने आधी एक अंदाज बांधला, तो चुकला. साध्या कुर्त्याकडे पाहून बांधलेलाही चुकू शकतो. इथे तिचा ९० चा आकडा पहिल्यांदा खाली आला.

‘सगळे बघतात’ याबाबत कॉर्नेल विद्यापीठातल्या मानसशास्त्रज्ञांचा २००० सालचा प्रयोग तिला सांगितला. विद्यार्थ्यांना लाज वाटेल असा टी-शर्ट घालून खोलीत पाठवलं. त्यांना वाटलं जवळजवळ निम्म्यांनी तो पाहिला असणार. प्रत्यक्षात साधारण पाव लोकांच्याच लक्षात आला. पण ऐकून भीती जात नाही, स्वतः मोजावं लागतं. म्हणून पायऱ्या ठरल्या. आधी छपाईचा कुर्ता घालून साधं लेक्चर, मग प्रॅक्टिकल, मग त्याच कपड्यात सरांना एक शंका विचारणं, शेवटी प्रदर्शन. प्रत्येक वेळी काय होईल ते घरून निघताना लिहायचं, प्रत्यक्षात काय झालं ते परतीच्या गाडीत.

दोन अटी होत्या. आरशात एकदाच पाहायचं, आणि ‘कशी दिसतेय?’ विचारायचं नाही. पहिल्या वेळी ती दिवसभर ॲप्रन घालूनच वावरली. असं बहुतेक जणी करतात. मग काही वाईट घडलं नाही तरी मन श्रेय ॲप्रनला देतं. ती पायरी पुन्हा करावी लागली.

सरांनी शंकेचं उत्तर दिलं आणि एक संदर्भ वाचायला सांगितला, बस. ‘फॅशन शो’वाला मुलगा मात्र पुन्हा बोलला. तिचं उत्तर तयार होतं, “हो, तिकीट काढून ये.” प्रदर्शनाला ती मोरपिशी कुर्त्यात उभी राहिली. कागदावरचा आकडा ३० वर थांबला. शून्यावर आला नाही, तशी गरजही नव्हती.

शेरे शिक्षकांकडून येत असतील, किंवा कुणी अंगावरून, कपड्यांवरून वारंवार बोलत असेल, तर हा कागद उपयोगाचा नाही. तिथे मुलीला स्वतःचे विचार तपासायला लावणं अन्यायाचं आहे. तारीख, नेमके शब्द, जवळ कोण होतं, हे त्याच दिवशी लिहून ठेवावं आणि कॉलेजच्या अंतर्गत तक्रार समितीकडे लेखी द्यावं. घटनेपासून तीन महिन्यांच्या आत दिलेलं बरं, आणि अर्जाची पोच घ्यायला विसरू नये.