उपोषणाला बसण्याआधी दावा दाखल करा

प्रश्न : माझे पती रत्नागिरी जिल्ह्यातील एका रासायनिक कारखान्यात ठेकेदाराकडे कामाला होते. दीड वर्षापूर्वी तेथे झालेल्या स्फोटात ते गेले. तेव्हा त्यांचे वय 40 आणि पगार 16,000 रुपये होता. वाडीतले तिघे भाजले, ते अजून कामावर जाऊ शकलेले नाहीत. कंपनी ठेकेदाराकडे बोट दाखवते. ठेकेदार पाच लाख देतो म्हणतो, पण ‘यापुढे काही मागणे नाही’ असे स्टॅम्पपेपरवर लिहून मागतो. भोपाळच्या बायकांसारखे आम्ही चौघे 1 मेपासून जिल्हाधिकारी कार्यालयासमोर आमरण उपोषणाला बसणार, असे निवेदन दिले, तर पोलिसांची नोटीस आली. आम्हाला अटक होईल का? घरी विधवा सासूबाई आणि बारावीतला मुलगा आहे.

उत्तर : ताई, शांततेने उपोषण करणे हा गुन्हा नाही. रामलीला मैदान प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 2012 मध्ये उपोषण हा आपल्याकडे इतिहासाने आणि कायद्यानेही मान्य केलेला निषेधाचा मार्ग असल्याचे म्हटले आहे. आपल्या हाती आलेली नोटीस बहुधा भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 168 खालील, म्हणजे लोक अजूनही जिला ‘149 ची नोटीस’ म्हणतात ती असावी. ती केवळ ताकीद असते, तिने गुन्हा दाखल होत नाही. तिला लेखी उत्तर द्या आणि पोच घ्या.

मात्र आपल्या निवेदनातील ‘आमरण’ हा शब्द मला काळजीत टाकतो. आत्महत्येच्या प्रयत्नाचे जुने कलम 309 नव्या भारतीय न्याय संहितेत राहिलेले नाही, परंतु लोकसेवकाला त्याच्या कामात भाग पाडण्यासाठी किंवा त्यापासून रोखण्यासाठी आत्महत्येचा प्रयत्न करणे हा कलम 226 नुसार गुन्हा आहे आणि त्यासाठी एक वर्षापर्यंत साधी कैद, दंड किंवा समाजसेवेची शिक्षा होऊ शकते. नुसते उपोषणाला बसणे म्हणजे आत्महत्येचा प्रयत्न नव्हे, पण मरेपर्यंत अन्न घेणार नाही असे आपणच लिहून दिल्यावर त्याच कागदाचा आधार घेऊन कारवाई करणे सोपे होते. मणिपूरच्या इरोम शर्मिला यांना 2000 ते 2016 या काळात जुन्या कलमाखाली पुन्हा पुन्हा कोठडीत ठेवले गेले. मरण हा आपला हेतू नाही, न्याय हा आहे, हे त्यांना न्यायालयात सतत सांगावे लागले. म्हणून नवे निवेदन देऊन ‘साखळी उपोषण’ असा शब्द वापरा, आळीपाळीने बसा आणि आमचा जीव देण्याचा हेतू नाही हे वाक्य त्यात स्पष्ट लिहा. भाजलेल्या तिघांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय एक दिवसही उपाशी राहू नये, असे मी आग्रहाने सांगतो.

1 मे ही तारीखही बदला. त्या दिवशी कचेरी बंद असते, ध्वजवंदनाचा बंदोबस्त असतो आणि महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम 37 खालचा मनाई आदेश बहुतेक वेळा लागू असतो. अशा वेळी नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 170 खाली आदल्या दिवशीच ताब्यात घेऊन 24 तासांपर्यंत बसवून ठेवण्याचा प्रकार होऊ शकतो. कामकाजाचा दिवस निवडा, जागेची परवानगी लेखी मागा आणि नाकारली तर कारणे लेखी मागा. त्याविरुद्ध उच्च न्यायालयात जायचे झाल्यास आता मुंबई गाठावी लागत नाही, कारण 18 ऑगस्ट 2025 पासून रत्नागिरी जिल्हा कोल्हापूरच्या सर्किट बेंचकडे आहे.

आता ज्या गोष्टीची मला अटकेपेक्षा जास्त चिंता वाटते, तिच्याकडे येतो. आपल्या पत्रात दावा दाखल केल्याचा उल्लेख कोठेही नाही. सामाजिक सुरक्षा संहिता 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झाली असली, तरी आपला अपघात त्याआधीचा असल्यामुळे 1923 चा कर्मचारी नुकसानभरपाई कायदा लागू होतो, आणि त्याखाली अर्ज करण्याची मुदत मृत्यूपासून दोन वर्षांची आहे. आपल्याकडे सहा महिने उरले आहेत. उपोषण कितीही दिवस चालले, तरी त्याने ही मुदत थांबत नाही.

या कायद्याच्या कलम 12 नुसार ठेकेदाराच्या कामगाराची भरपाई मूळ कंपनीकडूनही मागता येते, त्यामुळे ‘ठेकेदाराला विचारा’ हे उत्तर कायद्यात बसत नाही. रकमेचे गणित असे आहे : हिशेबासाठी पगार जास्तीत जास्त 15,000 धरतात, त्याचा निम्मा 7,500, आणि वयाच्या 40 व्या वर्षासाठीचा गुणांक 184.17, म्हणजे 13,81,275 रुपये. रक्कम महिनाभरात न दिल्यास तिच्यावर 12 टक्के व्याज लागते, आणि विलंबाला योग्य कारण नसेल तर 50 टक्क्यांपर्यंत दंड. पतीच्या पगारातून ईएसआयची, म्हणजे कर्मचारी राज्य विमा महामंडळाची, कपात होत असेल, तर मात्र हा अर्ज चालणार नाही. तेव्हा आपल्याला त्या महामंडळाकडून आश्रितांचा मासिक लाभ मागावा लागेल, म्हणून पगाराची पावती आधी तपासा.

स्टॅम्पपेपरवर सही करू नका. मृत कामगाराची भरपाई आयुक्तांकडे, म्हणजे आपल्याकडे कामगार न्यायालयात, जमा करावी लागते. मालकाने ती परस्पर हातात दिली तर कायदा तिला भरपाई मानत नाही, फक्त तीन महिन्यांच्या पगाराइतकी उचल वजा होऊ शकते. हक्क सोडल्याचा करारही कलम 17 ने रद्दबातल ठरतो. तरीही तो कागद पुढे आणून आपल्याला वर्षानुवर्षे झुलवले जाईल. भोपाळचे आपण उदाहरण दिले आहे, तर तेथली ही बाजूही ध्यानात घ्या. 1989 मध्ये केंद्र सरकारने वायुगळतीबद्दल कंपनीशी 47 कोटी डॉलरची तडजोड पीडितांना न विचारता केली, आणि ती रक्कम वाढवून मिळावी म्हणून केलेली याचिका सर्वोच्च न्यायालयाने मार्च 2023 मध्ये फेटाळली. तेथल्या बायका 2006 मध्ये दिल्लीपर्यंत पायी गेल्या, उपोषणाला बसल्या आणि पिण्याच्या शुद्ध पाण्यासारख्या मागण्या त्यांनी मान्य करून घेतल्या. जे सरकारच्या हातात होते ते उपोषणाने मिळाले, झालेली तडजोड मात्र बदलली नाही. त्यांच्या वतीने सही दुसऱ्याने केली होती. आपली सही अजून आपल्या हातात आहे.

म्हणून निवेदनात जिल्हाधिकाऱ्यांना जे करता येते तेच मागा : औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाच्या चौकशी अहवालाची प्रत, ठेकेदाराच्या हजेरीपटाची प्रत आणि जखमींच्या उपचारांची सोय. भरपाईचा आकडा आणि मालकाची शिक्षा न्यायालय ठरवते. भाजलेल्या तिघांचे अर्ज वेगळे करावे लागतील. वकिलाच्या फीसाठी कोणाकडे हात पसरू नका. विधी सेवा प्राधिकरण कायदा, 1987 चे कलम 12 स्त्रिया, कामगार आणि औद्योगिक आपत्तीचे बळी या तिघांनाही मोफत वकील देते, आणि तालुका न्यायालयातील समितीकडे साधा अर्ज पुरतो.

अर्जात आपल्यासोबत मुलाचे आणि सासूबाईंचेही नाव घाला. विधवा आई ही कायद्याने अवलंबित आहे, आणि तिचे नाव राहून गेले तर त्याच त्रुटीवर बोट ठेवून समोरचा पक्ष तारखा वाढवत राहील.