ओ पॉझिटिव्हचा अचानक ‘बॉम्बे’ कसा झाला?

तुमच्या भावाचा रक्तगट आधी ‘ओ पॉझिटिव्ह’ सांगितला होता आणि आता ‘बॉम्बे’ निघाला, हे कसं, असं तुम्ही विचारलंत. त्याचा गट बदललेला नाही, आधीची तपासणी अर्धवट होती. ए आणि बी हे प्रतिजन (म्हणजे रक्तपेशीवरच्या, गट ठरवणाऱ्या खुणा) ‘एच’ नावाच्या पायावर उभे राहतात. तो पाया घालणारं जनुक (एफयूटी१, १९व्या गुणसूत्रावर) आई आणि वडील दोघांकडूनही निकामी आलं, की पायाच नाही. मग ए-बीची जनुकं असूनही पेशीवर काही दिसत नाही आणि रिपोर्टवर ‘ओ’ लागतो. म्हणूनच कधीकधी एबी गटाच्या आईला ‘ओ’ मूल झालेलं दिसतं आणि घरात उगाच संशयकल्लोळ माजतो!

१९५२ साली डॉ. भेंडे आणि सहकाऱ्यांनी मुंबईत हा ‘एच’ नसलेला गट शोधला, म्हणून हे नाव. भारतात साधारण दहा हजारांत एक, युरोपात दहा लाखांत एक.

खरा धोका रक्त घेताना. या लोकांच्या रक्तद्रवात (रक्ताच्या पातळ भागात) अँटी-एच, म्हणजे एचवर हल्ला करणारं प्रतिपिंड असतं आणि ओ गटाच्या पेशींवर एच सर्वांत जास्त. म्हणजे ‘ओ सगळ्यांना चालतं’ हा नियम इथे जिवावर बेततो. रक्तपेढीत त्यांच्या रक्तद्रवात ओ पेशी टाकल्या की गुठळ्या होतात, तिथेच हे पकडलं जातं. नुसत्या स्लाइडवरच्या झटपट चाचणीत सुटतं.

भावाला फक्त बॉम्बे गटाचंच रक्त चालेल, तेही पॉझिटिव्ह-निगेटिव्ह बघून. तुम्ही सख्खी भावंडं आधी तपासून घ्या, प्रत्येकाला चारात एक शक्यता आहे. ठरलेलं ऑपरेशन असेल तर स्वतःचंच रक्त आधी काढून ठेवता येईल का, तेही डॉक्टरांना विचारा.